शितावरून भाताची परीक्षा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या एखाद्या विदुषीला बोलवावे, तिने मंडळाचे कौतुक करावे आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, असा बहुतेक ठिकाणचा शिरस्ता आहे. यंदा कार्यकारिणीने घरच्याच बाईला उभे केले आहे. तेव्हा कौतुक बाजूला ठेवून, घरच्या माणसाने घरच्यांशी बोलावे तसे मी बोलणार आहे. विषयही घरचाच घेतला आहे, अगदी चुलीजवळचा. तो म्हणजे शितावरून भाताची परीक्षा.

भात शिजला की नाही हे पाहायला आपण सगळे पातेले चिवडत बसत नाही. पळीवर चार शिते घेतो, त्यांतले एक बोटांत चेपतो आणि पातेले उतरवतो. आता घरोघरी कुकर आले आणि बोटांचे काम शिट्टीकडे गेले, तरी म्हण काही जुनी झाली नाही. एवढेसे शीत सगळ्या पातेल्याची साक्ष देते, आणि ती बहुधा खरी निघते. असे का होते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. तांदूळ एका पोत्यातला, पाणी एक, आच एक आणि झाकण एक. जे एका शितावर गुदरले तेच बाकीच्यांवर गुदरलेले असते. म्हणून एकाची साक्ष सर्वांना लागू पडते.

आता लग्नकार्यातला मोठा हंडा डोळ्यांपुढे आणा. त्यात तळचा भात करपायला आलेला असतो, वरचा अजून टचटचीत असतो. नवा आणि जुना तांदूळ एकत्र झाला असेल तर एकाची खीर होते आणि दुसऱ्याची कणी राहते. म्हणून जाणता आचारी वरचे शीत चेपून समाधान मानत नाही. तो झारा तळापर्यंत घालतो, कडेचा भात पाहतो, मधला पाहतो, आणि मगच जाळ ओढायला सांगतो. म्हणजे म्हण खरीच आहे, पण तिच्या पोटात एक अट आहे. ती अट विसरून आपण शिते चेपत सुटलो की भात तर बिघडतोच, पण पुष्कळदा माणसेही दुखावतात. आजचे माझे बोलणे त्या अटीविषयी आहे.

एका अनुभवावरून पुढचे ताडणे ही काही वाईट खोड नव्हे. त्यावाचून संसार एक दिवस चालायचा नाही. तापल्या तव्याला हात लागला की मूल पुन्हा तव्याकडे जात नाही. त्याला शंभर वेळा भाजून घ्यावे लागत नाही. पण याच शहाणपणाची दुसरी बाजूही आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवली आहे. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. तव्यापासून दूर राहणारे मूल आणि ताक फुंकणारा माणूस, दोघांनीही एका अनुभवावरून सर्वसाधारण नियम केला. एकाचा नियम बरोबर ठरला, दुसऱ्याचा हसण्यावारी गेला. दोहोंतला फरक ओळखायचा कसा?

मला वाटते, तीन प्रश्न विचारले तर तो बराचसा ओळखता येतो. पहिला, शिते एकाच पातेल्यातली आहेत का? दुसरा, शीत कोठून उचलले आणि कोणी उचलले? तिसरा, उलट साक्ष देणारे शीत कोणी शोधले का? तिन्ही प्रश्नांसाठी मी उदाहरणे आणली आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि माणसे घरे टाकून पळू लागली. त्या वेळी सरकारने डॉ. वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस पाठवले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला हा शास्त्रज्ञ. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या लहानशा जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याला काही अपाय झाला नाही. पण तेवढ्यावरून त्याने लस गुणकारी असल्याचा डांगोरा पिटला नाही. एका माणसाला अपाय झाला नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होत होते.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिनने तिथे जाऊन, जे कैदी राजी झाले त्यांना लस टोचली. जवळजवळ निम्म्या कैद्यांनी टोचून घेतले, निम्म्यांनी नाही. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि त्यांतले सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले. या आकड्यांना वजन का, ते पाहा. सगळे कैदी एकाच इमारतीत राहणारे, एकच अन्न खाणारे, एकाच हवेत झोपणारे. पातेले एक होते. फरक होता तो मुख्यतः लशीचा. अशा ठिकाणचे शीत साक्ष देऊ शकते, आणि तीही एका शिताची नव्हे, बाजूबाजूला ठेवलेल्या दोन पळ्यांची.

आता याच कथेचा दुसरा अंक ऐका. पाच वर्षे गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, एकशेसात लोकांना ही लस टोचण्यात आली. थोड्याच दिवसांत त्यांतले एकोणीस जण धनुर्वाताने मरण पावले. गावावर केवढा आकांत ओढवला असेल याची कल्पना आपण करू शकतो. एकोणीस घरांतली माणसे, रोग होऊ नये म्हणून टोचून घ्यायला आपल्या पायांनी गेलेली. लोक म्हणू लागले की लस म्हणजे मरण. सरकारी चौकशीत ठपका आला तो परळच्या प्रयोगशाळेवर, आणि हाफकिनला काम सोडावे लागले.

पण एक गोष्ट पहिल्यापासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. ती एकोणीसही माणसे एकाच कुपीतून टोचलेली होती. त्याच दिवशी, त्याच गावात, त्याच लशीच्या दुसऱ्या कुप्यांमधून ज्यांना टोचले त्यांना धनुर्वात झाला नाही. दोष लशीत असता तर तो सगळ्या कुप्यांत उतरला असता. तो एका कुपीत होता. पुढे तपासात असे आले की ती कुपी गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळेतल्या मुलीलाही ठाऊक आहे. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञांनी हाफकिनची बाजू जाहीरपणे मांडली, तेव्हा कुठे १९०७ साली तो निर्दोष ठरला. म्हणजे मध्ये पाच वर्षे गेली. त्याच १९०७ साली हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे नेली. त्यांतली किती लशीच्या भीतीपायी गेली हे कोणी मोजू शकणार नाही. पण लशीवरचा डळमळलेला विश्वास त्या काळात फार महाग पडला, एवढे निश्चित. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिनचेच नाव देण्यात आले. ती संस्था आजही तिथे उभी आहे.

मुल्कोवालच्या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही. ज्या घरात प्रेत पडले आहे त्या घराने कुप्या मोजत बसावे, अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे होईल. पण ज्यांचे कामच मोजण्याचे होते, त्यांनी तरी एका कुपीवरून सगळ्या लशीची परीक्षा करायला नको होती. आजही शेजारच्या बाळाला लशीनंतर ताप चढला की आपण म्हणतो, “आमच्याकडे नको बाई.” अशा वेळी प्रश्न विचारावा तो हाच, की ही गोष्ट एका कुपीची की सगळ्या लशीची? एका बाळाची की सगळ्या बाळांची? आणि तो डॉक्टरांना विचारावा. जिन्यात उभे राहून विचारू नये.

दुसरा प्रश्न होता, शीत उचलले कोठून? याचे उदाहरण शेतातले आहे आणि माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातला. बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्राची पदवी घेऊन आले, आणि पुढे १९५१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे काम त्यांनी कित्येक वर्षे पाहिले. त्याआधी १९४० नंतरच्या दशकात त्यांच्यापुढे एक प्रश्न होता. देशात धान्य किती पिकते, हे कळायचे कसे? सगळ्या देशाचे पीक तर कोणी मोजू शकत नाही. म्हणून काही शेतांतला ठरावीक मापाचा तुकडा कापायचा, त्याचे धान्य तोलायचे आणि त्यावरून साऱ्या शेताचा व साऱ्या जिल्ह्याचा अंदाज बांधायचा. हीच शितावरून भाताची परीक्षा, सरकारी दप्तरातली.

तुकडा लहान घ्यावा, म्हणजे श्रम आणि खर्च वाचतो, असा एक विचार होता. सुखात्म्यांनी ताडून पाहिले तेव्हा असे दिसले की लहान तुकड्यावरून काढलेला अंदाज खऱ्या पिकापेक्षा जास्त येतो. कारण मोठे मौजेचे आहे आणि अगदी मनुष्यस्वभावाला धरून आहे. तुकड्याच्या कडेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. त्यात लबाडी नसते. तुकडा मोठा असेल तर कडेची चार रोपे आत आल्याने फारसे बिघडत नाही. तुकडा लहान असेल तर जवळजवळ सगळी कडच असते, आणि तेवढ्यानेही हिशेब फुगतो. सगळ्या देशाच्या धान्याचा हिशेब फुगला, तर दुष्काळात किती आणायचे आणि किती वाटायचे हेही चुकायचे. आजही पीक कापणी प्रयोग करताना तुकडा कुठला घ्यायचा हे बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या मर्जीवर सोडत नाहीत. ते आधी आकड्यांनी ठरवून दिलेले असते. कारण माणूस बांधावर उभा राहिला की त्याची नजर आपोआप भरलेल्या कणसांकडे नाही तर जळलेल्या कोपऱ्याकडे जाते. मधले साधे शेत त्याला दिसत नाही.

आपल्यालाही ते दिसत नाही, भगिनींनो. कोणाची सून भांडून वेगळी निघाली, हे आपल्याला त्याच संध्याकाळी कळते. दहा सुना सासूची औषधे वेळेवर देत असतात, त्यांची बातमी होत नाही. आणि आता तर प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे. पूर्वी चाळीपुरती मर्यादित असलेली बातमी आज दहा गटांतून फिरून दहा बातम्यांसारखी परत येते. आपल्याला वाटते की दहा शिते पाहिली. वस्तुतः एकच शीत दहा हातांतून फिरलेले असते.

तिसरा प्रश्न उलट साक्षीचा. यासाठी मी आपल्या जुन्या न्यायशास्त्राकडे जाते. पण घाबरू नका, ते शास्त्रही स्वयंपाकघरातूनच उदाहरण घेते. डोंगरावर धूर दिसला, तेव्हा तिथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान कशाच्या बळावर करायचे? जिथे धूर तिथे अग्नी, हे स्वयंपाकघरात नेहमी दिसते, या बळावर. पण नैयायिक एवढ्यावर थांबत नाहीत. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही ना, हे ते तळ्याच्या उदाहरणाने पडताळतात. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने नवशिक्यांसाठी तर्कसंग्रह लिहिला, त्यातही हा पाठ आहे.

त्यांचा पुढचा विचार मला अधिक मोलाचा वाटतो. कोणी हेच वाक्य उलटे करून म्हणाले की जिथे अग्नी तिथे धूर, तर? जुन्या काळी कोणत्याही स्वयंपाकघरात डोकावावे आणि हे वाक्य खरे निघावे. हजार चुली पाहिल्या तरी खरेच निघेल. तरीही ते खोटे आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. हजार चुलींची साक्ष त्या एका गोळ्याने मोडते. मग नैयायिक विचारतात, चुलीत धूर होता तो कशाने? ओल्या सरपणाने. धुराचे कारण नुसता अग्नी नव्हता. सरपणाची ओल होती. या आड लपलेल्या कारणाला ते उपाधी म्हणतात. आज तर लोखंडाच्या गोळ्यापर्यंत जायलाही नको. आपल्या ओट्यावरची गॅसची शेगडी रोज हीच साक्ष देते.

आता हे संसारात लावून पाहा. नोकरी करणाऱ्या सुनेचे घराकडे लक्ष नसते, असे आपण म्हणतो आणि चार घरांची नावे सांगतो. पहिले काम म्हणजे लोखंडाचा गोळा शोधणे. जिचे लक्ष आहे अशी नोकरी करणारी सून आपल्या पाहण्यात एकही नाही का? एक जरी निघाली, तरी “नोकरी म्हणजे दुर्लक्ष” हा नियम मोडला. दुसरे काम म्हणजे ओले सरपण शोधणे. त्या चार घरांत गाडीच्या गर्दीत रोज तीन तास जात असतील, घरात दुसरे कोणी पेला उचलून ठेवणारे नसेल. मग धूर नोकरीचा की त्या ओलीचा? आणि हे उलट बाजूनेही तितकेच खरे आहे. सासवा म्हणजे खाष्टच, असे सुनांनी म्हणण्यापूर्वी त्यांनीही आपल्या ओळखीतला लोखंडाचा गोळा शोधावा. न्याय एकाच बाजूला लावला तर तो न्याय राहत नाही.

इथवर मी प्लेग, पीक आणि सासूसुना यांवर बोलले. आता ज्याच्यासाठी हा विषय निवडला तिकडे वळते. अध्यक्षबाईंची परवानगी मी आधीच घेतली आहे.

आपल्या मंडळाच्या निधीतून गरजू भगिनींना शिवणयंत्रासाठी बिनव्याजी रक्कम दिली जाते आणि ती हप्त्याहप्त्याने परत येते. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या एका बाईचे हप्ते थकले, आणि ती यंत्र घेऊन बिऱ्हाड हलवून गेली. हे सर्वांना माहीत आहे. आता पुढच्या सभेत अशी सूचना यायची आहे की त्या वस्तीतले अर्ज यापुढे घेऊच नयेत. सूचना मांडणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे. पैसा मंडळाचा आहे, पापडकुरडया विकून जमवलेला आहे, आणि तो बुडू नये ही काळजी मलाही आहे. माझे म्हणणे एवढेच की ठरावापूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत.

पातेले एक आहे का? त्या वस्तीतली घरे एका रस्त्यावर आहेत, एवढ्यानेच ती एका पोत्यातली ठरत नाहीत. तिथे धुणीभांडी करणारी आहे, भाजीची गाडी लावणारी आहे, रुग्णालयात आयाचे काम करणारी आहे. एकीची मिळकत, एकीचे घर, एकीचा स्वभाव दुसरीसारखा नाही. आपल्या या बाजूच्या इमारतीत तरी आपण सगळ्या एकसारख्या आहोत का?

शीत कोठून उचलले? थकवणारीचे नाव आपल्याला पाठ झाले आहे. फेडणाऱ्या बायकांची नावे वहीत आहेत आणि वही कपाटात आहे. जी दर महिन्याला मुकाट्याने येऊन हप्ता भरून जाते तिची चर्चा हळदीकुंकवाला होत नाही. चर्चेत एकच नाव असल्यामुळे ती वस्तीच तशी वाटू लागते.

उलट साक्ष शोधली का? त्या वस्तीत आजवर किती जणींना यंत्रे दिली, किती जणींनी पूर्ण फेडली, आणि नाल्याच्या या बाजूच्या किती जणींचे हप्ते रेंगाळले, हे तिन्ही आकडे शेजारीशेजारी मांडले पाहिजेत. भायखळ्याला दोन पळ्या बाजूबाजूला ठेवल्या होत्या म्हणून उत्तर मिळाले. एकच पळी पाहून मिळाले नसते. आणि जी गेली तिच्या बाबतीत ओले सरपण काय होते, हेही पाहावे. जामीन घेतला होता का? हप्ता तिच्या मिळकतीला झेपणारा होता का? हप्ता चुकल्यावर पहिल्याच महिन्यात कोणी चौकशीला गेले होते का? दोष तिथे असेल तर वस्ती बंद करून काही साधणार नाही. पुढचा हप्ता या बाजूला चुकेल.

वहीचे उत्तर माझ्या मनासारखेच येईल, असे मी म्हणत नाही. त्या वस्तीतून खरोखरच पुष्कळ पैसे थकले आहेत असे निघाले, तर तेही मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे आणि देण्याचे नियम कडक केले पाहिजेत. मोजायचे म्हटले की न आवडणारा आकडाही ऐकून घ्यावा लागतो. पण तेव्हासुद्धा एक गोष्ट ध्यानात असू द्या. दहांतल्या चौघींनी थकवले, यावरून अकरावी थकवीलच असे ठरत नाही. ती दारात उभी असेल तेव्हा तिला बसायला सांगून तिचीच मिळकत, तिचेच काम आणि तिचाच जामीन पाहिला पाहिजे. माणसाविषयी नियम करणे एक आणि त्या नियमाने समोरच्या माणसाचा निकाल लावणे दुसरे. एखादीच्या हाती यंत्र आले की तिच्या मुलीची शाळा चालू राहते, हे आपण याच मंडळात पाहिले आहे. ज्या बाईने काही केलेले नाही तिला दुसरीच्या हप्त्यासाठी दारातून परत पाठवायचे, तर निदान त्याआधी कपाट उघडण्याचे श्रम तरी आपण घेतले पाहिजेत.

म्हणून खजिनदार बाईंना माझी विनंती आहे की पुढच्या सभेला त्यांनी ती वही घेऊन यावे. आपण चौघीजणी बसून तासाभरात आकडे काढू. मग सूचना खुशाल मतास टाकावी. त्या वेळी मीही हात वर करीन. कोणत्या बाजूने, ते वही पाहून ठरवीन.